सोमवारचाच भाग शुक्रवारपर्यंत: बालवाडीच्या वयासाठीच्या ॲनिमेशन मालिकांची पार्श्वभूमी

निळ्या कुत्रीने सोडलेल्या खुणांवरून सूत्रधार आणि मुलं कोडं सोडवतात, अशी ‘ब्लूज क्लूज’ ही बालमालिका ८ सप्टेंबर १९९६ रोजी अमेरिकेत सुरू झाली, तेव्हा त्या कुत्रीपेक्षा जास्त वाद तिच्या वेळापत्रकावर होण्यासारखा होता. सोमवारी दाखवलेला भाग मंगळवारी पुन्हा, बुधवारी पुन्हा, असा थेट शुक्रवारपर्यंत. नवा भाग पाहायचा तर पुढच्या सोमवारची वाट बघायची. टीव्हीच्या धंद्यात पुनर्प्रक्षेपण म्हणजे हाताशी नवं काही नसल्याची कबुली. इथे तर कोऱ्या मालिकेची सुरुवातच पुनर्प्रक्षेपणाने होत होती. हिशेबाच्या दृष्टीने ते सोयीचंच होतं म्हणा. वीस भाग रोज एक याप्रमाणे दाखवले तर चार कामाच्या आठवड्यांत डबा रिकामा होतो; आठवड्याला एक याप्रमाणे तेच जवळजवळ पाच महिने पुरतात. काटकसर आणि बालमानसशास्त्र एकाच बाजूला उभे राहण्याचा योग क्वचित येतो. तो इथे आला, आणि म्हणूनच या निर्णयाकडे आजही कुणी निखळ शास्त्र म्हणून बघतं, तर कुणी निखळ कंजुषी म्हणून.

छोट्यांसाठी पडद्यावर गोष्ट सांगणं तोवर जुनं झालं होतं. पूर्व जर्मनीत २२ नोव्हेंबर १९५९ रोजी झोपेची वाळू शिंपडणारा छोटा बाहुला दिसू लागला. पश्चिम जर्मनीही तसाच कार्यक्रम आणणार असल्याची कुणकुण लागल्यामुळे तो घाईघाईने उभा केला होता. पश्चिमेचा बाहुला १ डिसेंबरला आला, म्हणजे जेमतेम नऊ दिवसांनी. शीतयुद्धातली ही शर्यत पूर्वेने जिंकली आणि पुढे देश विरघळला तरी बाहुला टिकला. ब्रिटनमध्ये १९५०च्या दशकात दोऱ्यांच्या बाहुल्या होत्या, मग १९६०च्या दशकात एकेक चौकट टिपून हलवलेल्या बाहुल्या आल्या. या सगळ्यांत रोज बदलत नसे तो बाहेरचा साचा: तीच सुरुवात, तेच गाणं, तोच निरोप. मधली गोष्ट मात्र दर वेळी नवी लागते, यावर कुणी शंका घेतली नव्हती.

शंका घेण्याची सामग्री १९६९ नंतर जमली. १० नोव्हेंबर १९६९ रोजी सुरू झालेला ‘सेसमी स्ट्रीट’ हा अमेरिकी शैक्षणिक बालकार्यक्रम ॲनिमेशनपट नव्हे; पण त्यात अक्षरं-आकड्यांचे ॲनिमेशनचे छोटे तुकडे पेरलेले असत आणि त्यांची प्रेरणा उघडपणे जाहिरातींची होती. गृहीतक असं की चार वर्षांच्या पोराचं लक्ष टिकत नाही, तेव्हा तुकडे आखूड ठेवा, विषय झरझर बदला. हे तपासायला एक यंत्रणाच बसवली होती. मुलासमोर टीव्ही, शेजारी दुसऱ्या पडद्यावर दर साडेसात सेकंदांनी बदलणारी स्थिरचित्रं. मुलाची नजर टीव्हीवरून ढळून चित्रांकडे गेली की नोंद. ज्या जागी बऱ्याच मुलांची नजर ढळली तो तुकडा कापायचा किंवा दुरुस्त करायचा.

त्याच कार्यक्रमाचं, याच पद्धतीने उघडं पडलेलं एक प्रकरण आहे. तज्ज्ञांनी सुरुवातीला सल्ला दिला होता की खरी माणसं आणि बाहुल्या एका दृश्यात आणू नका, मुलांचा गोंधळ उडेल. प्रक्षेपणाआधीच्या चाचणीत दिसलं की नुसत्या माणसांची दृश्यं आली की पोरं चुळबुळ करतात. सल्ला बाजूला ठेवला गेला, आणि मोठा पिवळा पक्षी व कचऱ्याच्या डब्यातला खडूस प्राणी माणसांत वावरू लागले. तज्ज्ञ हरले, मुलं जिंकली, असं हे प्रकरण रंगवलं जातं. माझ्या मते त्यातून इतकंच सिद्ध झालं की नजर मोजता येते. ती नजर कशामुळे खिळते, हा प्रश्न तसाच राहिला.

त्याचं उत्तर पुढच्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या एका विद्यापीठातून आलं. पाच वर्षांच्या मुलांच्या दोन गटांना हाच कार्यक्रम दाखवला. एका खोलीत खेळणी ठेवली, दुसरीत नाही. खेळण्यांशिवाय बसलेली मुलं ८७ टक्के वेळ पडद्याकडे बघत होती, खेळण्यांच्या खोलीतली ४७ टक्के. इथवर अपेक्षेप्रमाणेच. पण नंतर प्रश्न विचारले तर दोन्ही गटांना कार्यक्रम सारखाच समजलेला. म्हणजे खेळणारी मुलं आपल्या कामाचं तेवढं बघून घेत होती आणि बाकीचा वेळ सत्कारणी लावत होती. पुढच्या प्रयोगांत संशोधकांनी प्रसंगांचा क्रम विस्कटला, संवाद न कळणाऱ्या भाषेत घातले, उलटे वाजवले. चित्रं तीच, लखलखाट तोच, तरीही नजर ढळली. मूल चकाकतंय म्हणून बघत नाही. कळतंय म्हणून बघतं आणि कळेनासं झालं की वळतं. या एका निष्कर्षाने छोट्यांच्या कार्यक्रमांचं गणितच फिरलं.

‘ब्लूज क्लूज’ ही त्या निष्कर्षावर बेतलेली मालिका. तुकड्यांऐवजी एकसंध गोष्ट, संथ गती, शाब्दिक कोट्यांना फाटा. सूत्रधार प्रश्न विचारून थांबतो. मोठ्यांना अवघडून टाकेल इतका वेळ थांबतो. प्रत्येक भाग तयार होईपर्यंत तीनदा मुलांपुढे नेला जाई. आधी चित्रांच्या पुस्तकासारखी वाचून दाखवलेली संहिता, मग कच्ची चित्रफीत, मग जवळपास पूर्ण झालेला भाग. चित्रणाची पद्धतही वेगळी होती. कागद, कापड, माती यांपासून वस्तू हाताने बनवायच्या, त्यांचे फोटो संगणकात घ्यायचे आणि साध्या टेबलावरच्या संगणकांवर त्या हलवायच्या. सोफ्यावर कापडाचा पोत दिसतो तो त्यामुळे. सपाट रंगांच्या कार्टूनपेक्षा हे स्वस्तही पडत होतं आणि डोळ्यांना ऊबदारही वाटत होतं.

पाच दिवसांच्या निर्णयाची पुढे स्वतंत्र तपासणी झाली आणि तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना एकच भाग पाचदा दाखवला. कंटाळा येईल ही मोठ्यांची भीती फारशी खरी ठरली नाही. नजर शेवटच्या खेपेपर्यंत बरीचशी टिकली. आकलन वाढलं. आणि सर्वांत ठळक म्हणजे मुलं बोलू लागली. पहिल्यांदा गप्प बसून पाहणारं मूल पुढच्या खेपांना पडद्याकडे बोट करून उत्तर ओरडतं, सूत्रधाराला दिसत नसलेली खूण दाखवतं. ज्याला उत्तर आधीच ठाऊक आहे त्याला उत्तर देण्यात आनंद मिळतो, हे या वयाचं मर्म आहे.

आक्षेप होते आणि ते पोकळ नव्हते. सूत्रधार थांबतो खरा, पण त्याला ऐकू काही येत नाही. मुलाने उत्तर चुकीचं दिलं किंवा दिलंच नाही, तरी तो तितक्याच उत्साहाने शाबासकी देतो. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दोन वर्षांच्या मुलांनी थेट बोलणाऱ्या, प्रतिसाद देणाऱ्या पडद्यावरच्या माणसाने सांगितलेली माहिती वापरली. आधीच चित्रित केलेल्या माणसाची नाही. म्हणजे चिमुरड्यांनाही हा संवाद एकतर्फी असल्याचं उमगत असावं. तरीही हे तंत्र सगळीकडे पसरलं. ऑगस्ट २००० मध्ये आलेल्या ‘डोरा द एक्सप्लोरर’ने तर तेच मुख्य भांडवल केलं.

कायद्याची बाजू यात उगाच मोठी करून सांगितली जाते. १९८०च्या दशकात अमेरिकेतले निर्बंध सैलावले आणि खेळणी विकण्यासाठी कार्टून निघू लागली. १९९०च्या कायद्याने वाहिन्यांवर मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी टाकली, तर काही वाहिन्यांनी ‘द जेट्सन्स’ हे भविष्यातल्या एका कुटुंबाचं विनोदी कार्टून एकविसाव्या शतकातलं जीवन शिकवतं असं कागदोपत्री दाखवलं! अखेर १९९६ मध्ये आठवड्याला तीन तासांचा दंडक आला. तो हवेतून प्रक्षेपण करणाऱ्या वाहिन्यांना होता. छोट्यांच्या कार्यक्रमांत खरा बदल घडवला तो केबलने आणि लोकांच्या पैशांवर चालणाऱ्या प्रसारकांनी.

ब्रिटनमध्ये १९९७ साली ‘टेलिटबीज’ आली. वेषातली माणसं असल्याने तीही ॲनिमेशन नव्हे, पण तिने पुनरावृत्ती आणखी ताणली. पोटावरच्या पडद्यावरची फीत संपली की ‘पुन्हा, पुन्हा’चा गलका होई आणि तीच फीत लगेच पहिल्यापासून लागे. २००४ मध्ये ‘पेपा पिग’ आली, पाच-पाच मिनिटांचे भाग घेऊन. तिच्या सुरुवातीच्या भागांत डुकरांचं कुटुंब गाडीत सीटबेल्ट न लावता फिरतं, अशा तक्रारी पालकांनी केल्या. निर्मात्यांनी नव्या भागांत पट्टे लावलेच, शिवाय जुनी दृश्यंही पुन्हा काढली. एकदाच दिसून विसरल्या जाणाऱ्या दृश्यासाठी हा खटाटोप कुणी केला नसता.

पुढे मागणीनुसार पाहण्याची सोय आली आणि वेळापत्रकाचा प्रश्नच उरला नाही. सोमवार ते शुक्रवार तोच भाग दाखवण्याचं धाडस आता कुणा अधिकाऱ्याला करावं लागत नाही. मूल ते स्वतःच करतं, एका दुपारीत. बालरोगतज्ज्ञांच्या अमेरिकी संघटनेने २०१६ मध्ये दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासाची मर्यादा सुचवली, पण ती मर्यादा भागांची नव्हे, घड्याळाची होती.

साडेसात सेकंदांचं जुनं यंत्रही परतलं आहे. इंटरनेटवर अफाट पाहिल्या जाणाऱ्या बालगीतांच्या निर्मात्यांकडे लंडनमध्ये मुलांची परीक्षा घेताना बाजूला दुसरा पडदा लावतात आणि त्यावर रोजच्या जगण्यातली रटाळ दृश्यं दाखवतात, हे २०२२ मध्ये छापून आलं. मूल तिकडे वळलं की मुख्य चित्रातली ती जागा सुधारायची. मोजमाप तेच, पण आकलनाचा प्रश्न विचारणारी खोली यात दिसत नाही. दुसरीकडे २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनहून आलेल्या ‘ब्लुई’ या ॲनिमेशन मालिकेचे सात मिनिटांचे दीडशेच्या वर भाग आहेत. सगळे सलग पाहिले तर साधारण अठरा तासांत संपतात. २०२४ या एका वर्षात अमेरिकेत ते ५,५६२ कोटी मिनिटं पाहिले गेले, म्हणजे तेच भाग पुन्हा पुन्हा.