कायम निधी (खानदेशातील सार्वजनिक न्यास)

वाचनालय, वसतिगृह, गोशाळा यांसारख्या न्यासाने मूळ रक्कम न मोडता व्याजावर काम भागवण्यासाठी राखलेली पुंजी. वार्षिक शिलकेतून बाजूला काढलेला राखीव निधी याहून वेगळा. लहान संस्थांच्या ताळेबंदात मात्र दोन्ही एकाच रकान्यात गेलेले दिसतात.

खानदेशात या निधीचा उगम दोन प्रकारे सांगितला जातो. पहिल्यात भर दात्यांवर असतो. अमळनेरचे श्रीमंत प्रताप शेठ यांच्या आश्रयाने 1916 च्या सुमारास उभे राहिलेले तत्त्वज्ञान मंदिर हे त्याचे ठळक उदाहरण. दुसऱ्यात भर कापसाच्या बाजारातील धर्मादायावर असतो. अमेरिकी यादवीच्या काळात (1861–65) कापूस तेजीत आला, त्याच सुमारास रेल्वे पोहोचली आणि जळगाव, धरणगाव, अमळनेर येथील उलाढाल वाढली. आडत, हमाली, तोलाई यांच्या जोडीने पट्टीत (शेतकऱ्याला मिळणाऱ्या विक्रीच्या हिशेबात) धर्मादायाची किरकोळ रक्कम कापली जाई. लहान संस्थांपुरते दुसरे स्पष्टीकरण अधिक सयुक्तिक वाटते, कारण मोठा दाता क्वचितच लाभे, पट्टी मात्र दर हंगामात फाटे.

ही धर्मादायाची रक्कम व्यापाऱ्याची की समाजाची? 1950 च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या (2012 पासून ‘महाराष्ट्र’) कलम 54 नुसार धर्मादाय गोळा करणारा त्या रकमेचा विश्वस्त ठरतो आणि हिशेब देणे त्याच्यावर बंधनकारक असते. हाथरसच्या बिजली कॉटन मिल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही असा धर्मादाय व्यापारी उत्पन्नात धरला नाही. देणगीचे तसे नाही. ती कायम निधीसाठी असल्याचे दात्याने स्वतः कळवावे लागते. विश्वस्तांचा नंतरचा ठराव आयकरात पुरेसा मानत नाहीत. जुन्या पावत्यांवर नुसते ‘देणगी’ लिहिलेले असल्याने लेखापरीक्षणात अडचण येते.

आयकराच्या नियमानुसार इतर उत्पन्नापैकी 85 टक्के उद्दिष्टांवर खर्च करावे लागते, 15 टक्के राखता येते. 2002 पूर्वी राखण्याचे प्रमाण 25 टक्के होते. अधिक रक्कम साठवायची तर हेतू कळवून पाच वर्षांपर्यंत मुभा आहे.

गुंतवणूक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 35 प्रमाणे टपाल बचत, सरकारी रोखे, अनुसूचित किंवा मान्य सहकारी बँक यांत होते. पतसंस्थेतील ठेवीला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. 2000 नंतरच्या दशकात जळगाव जिल्ह्यातील काही पतसंस्था अडचणीत आल्या, तेव्हा या अटीचे महत्त्व दिसले. स्थावर विकण्यासही कलम 36 खाली पूर्वपरवानगी आवश्यक असते.