बटण लावायला शिकायचं ते बटण लावूनच

सांगली-मिरजेकडे हालचालींची अडचण असलेल्या मुलाला पहिल्यांदा ऑक्युपेशनल थेरपीला, म्हणजे रोजची कामं जमावीत यासाठीच्या उपचाराला, घेऊन आलेले आईवडील एक प्रश्न हमखास विचारतात. थेरपिस्ट पोराला शेंगा फोडायला बसवतात, शर्टाची बटणं लावायला सांगतात, तांब्यातून पेल्यात पाणी ओतून घेतात. "एवढं तर आम्ही घरी पण करून घेऊ की. व्यायाम कधी देणार?" प्रश्न रास्त आहे. हाच व्यायाम आहे, हे उत्तर पक्कं व्हायला जवळजवळ शंभर वर्षं गेली, आणि त्या शंभर वर्षांचा एक धागा सातारा जिल्ह्यातल्या फलटणपर्यंत येतो.

सुरुवात अमेरिकेतली. मार्च 1917 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावी मोजकी माणसं जमली आणि त्यांनी ऑक्युपेशनल थेरपीची पहिली राष्ट्रीय संस्था काढली. बैठक ज्याच्या घरी झाली तो जॉर्ज बार्टन हा वास्तुविशारद क्षयरोग आणि डाव्या अंगाचा लकवा सोसून बागकाम, सुतारकाम करत सावरलेला होता. बैठकीतल्याच एलिनॉर क्लार्क स्लेगल या समाजसेविकेने मनोरुग्णांसाठी दिवसभराच्या सवयींचं शिक्षण उभं केलं होतं: उठणं, आवरणं, जेवणं, काम, विश्रांती. माणूस कामात गुंतला की हात, मन आणि दिवस तिन्ही ताळ्यावर येतात, एवढी साधी त्यांची धारणा होती. मोजमाप, पुरावा असं त्यांच्याकडे फारसं नव्हतं.

ही विद्या भारतात आणली एका अमेरिकन बाईंनी. न्यू जर्सीच्या, क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या कुटुंबातल्या एलिझाबेथ लंडी विष्णू निंबकरांशी लग्न करून 1930 मध्ये भारतात आल्या आणि कमला निंबकर झाल्या. पुढे फिलाडेल्फियाला जाऊन त्यांनी ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण घेतलं आणि 1950 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात देशातली पहिली शाळा सुरू केली. 1952 मध्ये थेरपिस्टांची जागतिक संघटना स्थापन झाली तेव्हा दहा संस्थापक देशांत भारत होता, तो त्यांच्यामुळे. त्यांचे चिरंजीव बॉन निंबकर यांनी फलटणला शेती संशोधन संस्था उभारली. त्याच गावात मॅक्सीन बर्नसन यांनी 1986 मध्ये सुरू केलेल्या शाळेचं नाव आहे कमला निंबकर बालभवन. साताऱ्याच्या मातीला कामातून शिकणं परकं नव्हतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, ती स्वावलंबी शिक्षणाचं ब्रीद घेऊनच. आपलं काम आपल्या हाताने करणारा मुलगा शिकतो, हे इथल्या लोकांनी पाहिलेलं होतं. अपंग मुलाच्या बाबतीत मात्र ते कुणाला सुचत नव्हतं. त्याला भरवायचं, त्याला उचलायचं, त्याला जपायचं.

दरम्यान मुलांच्या थेरपीने वेगळीच वाट धरली होती. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे जन्माच्या आगेमागे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर येणारी बंधनं, हा आजार लंडनच्या डॉ. विल्यम लिटल यांनी एकोणिसाव्या शतकातच नीट मांडला होता. उपचार मात्र नव्हते. बर्लिनहून लंडनला आलेल्या बर्टा बोबाथ आणि त्यांचे डॉक्टर पती कारेल यांनी 1940च्या दशकात एक पद्धत बसवली. ताठरलेले स्नायू हळूहळू सैल करायचे, चुकीच्या हालचाली दाबायच्या, योग्य हालचाल थेरपिस्टच्या हातांनी शरीराला 'जाणवून' द्यायची. ही पायाभरणी झाली की चालणं, जेवणं, कपडे घालणं आपोआप येईल, अशी अपेक्षा होती. बोबाथ दांपत्याने हजारो दुर्लक्षित मुलांकडे डॉक्टरांचं लक्ष वळवलं, त्याचं ऋण मोठं आहे. पण तो 'आपोआप' काही आला नाही. मुलं वर्षानुवर्षं गादीवर आणि मोठ्या चेंडूवर लोळत राहिली. अंग थोडं सैल झालं, घास मात्र आईच भरवत होती. आपल्याकडेही थेरपी म्हणजे मालिश आणि ताण देणं, हीच समजूत रुजली आणि ती अजून गेलेली नाही.

आधी शरीर दुरुस्त, मग जगणं, हा क्रम चुकीचा असल्याचं ज्यांच्या कामातून दिसलं त्यांतले दोघं थेरपिस्ट नव्हतेच.

पहिला रशियाचा निकोलाय बर्नस्टाइन. 1920च्या दशकात मॉस्कोच्या कामगार संस्थेत त्याने हातोडीने छिन्नीवर घाव घालणाऱ्या कसबी कामगारांच्या सांध्यांवर छोटे दिवे बांधून छायाचित्रं घेतली. हातोडी दरवेळी नेमकी जागेवर पडत होती, पण खांदा, कोपर आणि मनगट दरवेळी थोड्या वेगळ्या मार्गाने जात होते. म्हणजे कसबी हात एकच हालचाल घोकत नाही, तो दरवेळी तोच प्रश्न नव्याने सोडवतो. ही गोष्ट रशियाबाहेर पोचली 1967 मध्ये, लेखनाचं इंग्रजी भाषांतर झाल्यावर. तोवर बर्नस्टाइन वारला होता. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत त्याचं नाव कुणाला ठाऊक असायचं कारण नाही, पण तिथे शिकायला आलेला मुलगा हत्यार चालवायला शिकतो ते भोपळ्यावर आणि लाकडावरच. आधी सहा महिने मनगटाचे व्यायाम कर, असं त्याला कुणी सांगत नाही.

दुसरी अमेरिकेची एस्थर थेलेन. नवजात बाळाला उभं धरलं की ते पावलं टाकल्यासारखं करतं आणि दोनेक महिन्यांत ते थांबतं. मेंदू परिपक्व होताना ती प्रतिक्षिप्त क्रिया पुसून टाकतो, असं पुस्तकांत होतं. थेलेनने 1980च्या दशकात अशा बाळांचे पाय पाण्यात सोडले, तर ती पुन्हा पावलं टाकू लागली. पायांवर मांस चढलं होतं, ते उचलण्याइतकी ताकद अजून आली नव्हती, एवढंच. हालचाल नुसत्या मेंदूत नसते. शरीराचं वजन, समोरचं काम आणि भोवतालची जागा मिळून ती घडते. तसं असेल तर काम किंवा जागा बदलूनही मुलाला हालचाल साधता येईल, हा त्याचा फार मोठा अर्थ होता.

पुढचं भराभर घडलं. ऑस्ट्रेलियाच्या जॅनेट कार आणि रोबर्टा शेफर्ड यांनी 1982 मध्ये लकव्याच्या रुग्णांसाठी रोजच्या कामांच्याच सरावावर बेतलेली पद्धत मांडली. एडवर्ड टॉब याने दाखवलं की अधू हात वापरात नसल्यामुळे आणखी अधू होतो, आणि चांगला हात काही काळ बांधून ठेवला की अधू हात कामाला लागतो. कॅनडात हेलेन पोलाटाइको आणि अँजेला मँडिच यांनी वेंधळ्या म्हणून हिणवल्या जाणाऱ्या मुलांसाठी पद्धत बसवली: काय करायचंय ते मुलाने ठरवायचं, कसं करायचं तेही त्यानेच सुचवायचं, करून बघायचं, जमलं का ते तपासायचं. हालचालींच्या समन्वयाची ही अडचण शाळकरी वयातल्या शंभरातल्या पाच-सहा मुलांना असते. चाळीस मुलांच्या वर्गात दोन तरी. सातारा-सांगलीच्या शाळांत अशा मुलांना अजून अक्षरावरून ओरडा बसतो, याचं वाईट वाटतं.

2013 मध्ये आयोना नोव्हाक आणि सहकाऱ्यांनी सेरेब्रल पाल्सीवरच्या उपचारांचा सगळा पुरावा एकत्र तपासला. मुलाने निवडलेल्या कामाचा सराव, दोन्ही हातांचा एकत्र सराव आणि घरचा कार्यक्रम यांना हिरवा दिवा मिळाला. बोबाथ पद्धतीला तो मिळाला नाही. 2022च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: पूर्ण काम, खऱ्या जागी, भरपूर वेळा.

शेंगेचंच बघा. उजवी बाजू कमजोर असलेल्या मुलाची उजवी मूठ मिटलेली असते, बऱ्याचदा अंगठा आत. शेंग समोर आली की तो डाव्या हाताने उचलून सरळ दाताखाली धरतो. उजव्या हाताची त्याला गरजच पडलेली नसते. म्हणून थेरपिस्ट आधी उकडलेल्या, मोठ्या शेंगा देतात. उजव्या हाताने फक्त धरायचं, डाव्याने टोक दाबायचं. शिवण उकलते, दाणा तोंडात जातो. ती मऊ शेंग जमली की भाजलेली, मग लहान, मग एकदाणी. प्रत्येक शेंग वेगळी असल्यामुळे प्रत्येक वेळी बोटांना नवा अंदाज घ्यावा लागतो. प्लास्टिकच्या खुंट्या भोकांत बसवताना हे घडत नाही, आणि दाणाही मिळत नाही.

याचा अर्थ ताण देणं, सांध्याला आधार देणारी पट्टी (स्प्लिंट), खुब्याचा एक्स-रे हे सोडून द्यायचं असा कुणी घेऊ नये. आखडणारे सांधे आणि सरकणारा खुबा यांच्याकडे लक्ष ठेवावंच लागतं. ज्या मुलाला स्वतः बसताही येत नाही त्याच्यासाठी काम वेगळं निवडायचं: दोन शर्टांतला कुठला घालायचा ते नजरेने दाखवणं, बाहीत हात जाताना तो सैल सोडणं. आणखी एक गोष्ट खटकते. मुलगा असेल तर घरचे 'भाकरी मोडून खाऊ दे' म्हणतात, मुलगी असेल तर 'भाकरी थापायला शिकू दे'. तिला सायकलची घंटी वाजवायची असेल, हे विचारायचं राहून जातं.

सरकारी पातळीवर दारं उशिरा उघडली. मिठू अलूर यांनी 1972 मध्ये मुंबईत अशा मुलांसाठी शाळा काढली तेव्हा कायदा पाठीशी नव्हता. सेरेब्रल पाल्सीला 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने आणि मग 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत जागा मिळाली. फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमामुळे अंगणवाडी आणि शाळेत तपासणी होऊ लागली आणि जिल्हा पातळीवर उपचार केंद्रांची सोय आली. पण जत किंवा आटपाडीहून सांगलीला यायचं म्हणजे अख्खा दिवस आणि एक रोजगार बुडतो. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाचं तर हंगामभर येणंच होत नाही.

इथे तासांचा हिशेब उपयोगी पडतो. हाताचं एखादं ठरावीक काम साध्य व्हायला साधारण 14 ते 25 तासांचा सराव लागतो, असं अभ्यासांतून दिसलं आहे. आठवड्याला अर्ध्या अर्ध्या तासाची दोन सत्रं धरली तर त्याला सव्वातीन ते पावणेसहा महिने लागतील. घरी रोज वीस मिनिटं जोडली, तर महिना-दोन महिने. त्यामुळे घरचा सराव ही थेरपीची पुरवणी राहत नाही, मोठा वाटा घरचाच होतो. थेरपिस्टचं काम म्हणजे कामाचा सोपा-अवघडपणा ठरवणं, घरच्यांना दाखवणं आणि पंधरा दिवसांनी बदल सुचवणं. आजीला मात्र हात आवरावा लागतो. नातवाला घास भरवणं ही तिची माया असते, आणि ती वीस मिनिटं पोराने सांडत-लवंडत खाताना बघणं तिला जड जातं.

पहिल्या भेटीत काय साधायचं ते विचारायची पद्धत 1991 मध्ये कॅनडात तयार झालेल्या एका प्रश्नावलीपासून रूढ झाली. काम किती जमतं आणि त्यावर किती समाधान आहे, दोन्हींना एक ते दहात गुण. आईवडील म्हणतात, चालायला लागू दे. मुलगा कदाचित म्हणेल, बेंदराला बैलाच्या शिंगांना मला रंग लावायचाय. मग त्याचंच काम बांधायचं. एका हाताने गव्हाणीला धरून उभं राहणं, दुसऱ्याने ब्रश डब्यात बुडवणं, निथळवणं, शिंगावर ओढणं. आधी कुंभाराकडच्या मातीच्या बैलावर, मग दाव्याला बांधलेल्या गरीब बैलावर, बापाने वेसण धरून. आषाढातला बेंदूर दोन महिन्यांवर असेल तर तासांचा हिशेब बसतो. रंगाचा डबा आणि जाड दांड्याचा ब्रश याच आठवड्याच्या बाजारातून आणायचा.