पदवीनंतर एनपीटीईएल प्रमाणपत्र: पात्रता, नोंदणी, कागदपत्रे आणि अर्ज अडण्याची ठिकाणं

निकाल लागला की काही महिन्यांत कॉलेजचा ईमेल अनेकदा बंद होतो. एनपीटीईएलचे कोर्स जिथे चालतात त्या स्वयम पोर्टलवरचं खातं त्याच ईमेलवर काढलेलं असेल, तर सोडवलेल्या असाइनमेंट, हॉल तिकीट, प्रमाणपत्राची लिंक, सगळं त्याच्यासोबत जातं. म्हणून पदवीनंतर पायथन, डेटाबेस किंवा क्लाउड शिकायचं ठरवलं असेल, तर पहिलं काम कोर्स शोधायचं नाही. स्वतःच्या वैयक्तिक जीमेलवर नवं खातं काढा आणि पुढची प्रत्येक नोंदणी त्याच एका ईमेलवरून करा.

पात्रता

एनपीटीईएल हा आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीचा उपक्रम. त्याचे कोर्स केंद्र सरकारच्या स्वयम पोर्टलवर चालतात. बीए, बीकॉम, बीएस्सी, बीई, कोणीही नाव घालू शकतं. वयाची किंवा टक्केवारीची अट नाही, बॅकलॉग असला तरी चालतं. कोर्सच्या पानावर पूर्वज्ञान लिहिलेलं असतं. ते नसलं म्हणून कोणी अडवत नाही, पण तिसऱ्या आठवड्यात तुम्हीच अडता.

स्वयमवर दिसणारा प्रत्येक कोर्स एनपीटीईएलचा नसतो. यूजीसी, सीईसी, इग्नू अशा इतर संस्थांचेही कोर्स तिथेच असतात. त्यांच्या परीक्षेची आणि गुणांची पद्धत वेगळी, ते कोर्सदरम्यानच्या कामाचे 30 आणि परीक्षेचे 70 टक्के धरतात. खाली जे लिहिलं आहे ते फक्त एनपीटीईएलला लागू आहे.

कोर्स निवडताना

कोर्स 4, 8 किंवा 12 आठवड्यांचे असतात आणि वर्षातून दोन हंगामांत चालतात, जानेवारी आणि जुलै. सगळे कोर्स दोन्ही हंगामांत नसतात. हवा तो सुटला तर सहा महिने किंवा वर्षभर थांबावं लागतं.

प्रोग्रामिंग कधीच केलं नसेल तर आयआयटी रोपडचा ‘जॉय ऑफ कम्प्युटिंग युझिंग पायथन’ घ्या. 12 आठवड्यांचा आहे आणि खेळ-कोड्यांतून शिकवतो. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या माधवन मुकुंद यांचा पायथनमधल्या डेटा स्ट्रक्चरचा (माहिती साठवायच्या रचनांचा) 8 आठवड्यांचा कोर्स उत्तम आहे, पण वेगवान. लूप आणि फंक्शन हाताला बसल्यावरच त्याला हात घाला. डेटाबेससाठी आयआयटी खरगपूरचा 8 आठवड्यांचा कोर्स आहे.

नोकरी शोधत असाल किंवा करत असाल, तर एका हंगामात एकच कोर्स. उत्साहात तीन घेतले की फेब्रुवारीत तिन्ही अर्धवट राहतात. व्याख्यानं इंग्रजीत जड जात असतील, तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियलवर लिनक्स, लिबरऑफिस वगैरे विषयांचे मराठी आवाजातले छोटे व्हिडिओ मोफत आहेत. आधी पंधरा दिवस ते बघून मग इकडे या.

नोंदणी दोनदा

सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात. कोर्सला नाव घालणं मोफत आहे आणि ते कोर्स सुरू झाल्यावर थोडेच दिवस चालू राहतं. परीक्षेची नोंदणी वेगळी. तिचा अर्ज वेगळा, अंतिम तारीखही वेगळी, आणि ती कोर्स संपायच्या बऱ्याच आधी येते. असाइनमेंट पूर्ण सोडवल्या पण परीक्षेचा अर्ज भरला नाही, तर हातात काही पडत नाही.

परीक्षेचं शुल्क एका कोर्सला 1000 रुपये. अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना सवलत आहे, त्यासाठी जातीचं किंवा दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र अर्जातच अपलोड करावं लागतं. पैसे भरण्याआधी त्या हंगामाच्या अर्जात दाखवलेली रक्कम बघून घ्या. पैसे खात्यातून गेले तरी अर्जाची स्थिती पुन्हा उघडून तपासा. बँकेचा एसएमएस ही पावती नव्हे. परीक्षेला गेला नाहीत तर शुल्क परत मिळेल असं धरून चालू नका.

शहर, तारीख आणि सत्र याच अर्जात निवडायचं असतं. दोन कोर्सच्या परीक्षा असतील तर सत्रं एकावर एक येत नाहीत ना, ते आधी बघा.

कागदपत्रे आणि नावाची भानगड

फोटो, सही, सरकारी फोटो ओळखपत्र आणि सवलत हवी असल्यास तिचं प्रमाणपत्र. यादी एवढीच. त्रास होतो तो नावाचा. महाराष्ट्रातल्या मार्कशीटवर बहुधा आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव असतं. आधारवर नाव आधी असतं. पॅनवर मधलं नाव कधी पूर्ण असतं, कधी नुसतं आद्याक्षर. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींच्या कागदपत्रांत तर दोन-दोन आडनावं सापडतात. परीक्षेच्या अर्जात टाइप केलेलं नाव तसंच्या तसं प्रमाणपत्रावर छापलं जातं आणि नंतर बदलून मिळेल असं धरू नये. जे ओळखपत्र परीक्षेला नेणार आहात, त्यावरचं नाव अक्षर न अक्षर तसंच भरा.

डिजिलॉकरमध्ये अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा, म्हणजे कोर्सचे क्रेडिट (श्रेयांक) जमा राहतात त्या सरकारी डिजिटल खात्याचा, 12 अंकी क्रमांक काढून ठेवा. त्यासाठी आधारशी जोडलेला मोबाइल नंबर चालू हवा. पुढे एमए, एमएस्सी किंवा एमबीएचा विचार असेल तर हे क्रेडिट उपयोगी पडू शकतात: 4 आठवड्यांना 1, 8 ला 2, 12 ला 3. बँकेत ते जास्तीत जास्त 7 वर्षं टिकतात. मात्र ते स्वीकारायचे की नाही हे तुमचं विद्यापीठ ठरवतं, म्हणून प्रवेशाच्या वेळी विभागाला लेखी विचारा.

गुणांचं गणित

असाइनमेंटचे 25, परीक्षेचे 75. असाइनमेंटमध्ये 4 आठवड्यांच्या कोर्सला सर्वोत्तम 3, 8 आठवड्यांच्या कोर्सला 6 आणि 12 आठवड्यांच्या कोर्सला 8 धरतात. प्रमाणपत्रासाठी 25 पैकी किमान 10 आणि 75 पैकी किमान 30 हवेत, दोन्हीकडे स्वतंत्रपणे. समजा असाइनमेंटची सरासरी 72 टक्के, म्हणजे 18 गुण. परीक्षेत 100 पैकी 38 पडले, म्हणजे 28.5. बेरीज 46.5 होते, तरी प्रमाणपत्र नाही. उलट परीक्षेत 80 पडले पण असाइनमेंटची सरासरी 38 टक्केच असेल, तर 9.5 गुणांवर गाडी अडते. 60 च्या वर एलिट, 75 च्या वर एलिट आणि रौप्य, 90 पासून सुवर्ण. असाइनमेंटमध्ये 20 मिळवून सुवर्ण हवं असेल तर परीक्षेत 75 पैकी 70 लागतात.

प्रोग्रामिंगच्या काही कोर्सना हे सूत्र वेगळं असतं, ते कोर्सच्या पहिल्या पानावर दिलेलं असतं.

असाइनमेंट मुदतीआधी कितीही वेळा सादर करता येते, शेवटचं उत्तर धरलं जातं. मुदत बहुधा बुधवारी रात्री 11:59 ला संपते, आणि सुरुवातीच्या दोन आठवड्यांची मुदत अनेकदा एकाच दिवशी असते. पायथनच्या असाइनमेंटमध्ये नवख्यांची एक चूक ठरलेली: input() या फंक्शनच्या कंसात ‘संख्या द्या’ असा संदेश लिहिणं. घरी प्रोग्राम चालतो, पोर्टलवर मात्र तो संदेशही उत्तराचाच भाग समजला जातो आणि सगळ्या चाचण्या नापास होतात. कंस रिकामा ठेवा.

परीक्षा केंद्रावर जाऊन संगणकावर द्यावी लागते, घरून नाही. हॉल तिकिटाची छापील प्रत आणि मूळ ओळखपत्र न्या. ओळखपत्राची झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो यांच्या भरवशावर राहू नका. प्रमाणपत्र पीडीएफ स्वरूपात मिळतं. ते लगेच उतरवून दोन ठिकाणी ठेवा.

राज्य शासनाच्या भरतीसाठी मात्र हे प्रमाणपत्र संगणक अर्हतेची जागा घेत नाही. जाहिरातीत एमएस-सीआयटी किंवा सीसीसी, ओ लेव्हल अशी नावं दिली असतील तर नेमकं तेच लागतं. आयआयटीचा शिक्का असला तरी तपासणीच्या टेबलावर यादीत नाव नाही म्हणजे नाही. तलाठी, लिपिक किंवा तत्सम पदांची तयारी चालू असेल तर एमएस-सीआयटी आधी उरकून घ्या आणि एनपीटीईएलचा कोर्स जुलैच्या हंगामाला लावा.