संगणक कुठवर पोचला?

फोंड्याहून पणजीला निघालेलं माणूस वेळेत आलं नाही, की आपण फोन करून पहिल्यांदा विचारतो, "बाणास्तरीचा पूल ओलांडला का?" ओलांडला असेल तर म्हार्दोळपर्यंतच्या रस्त्याचा विचार करायचं कारण उरत नाही. जे अडलंय ते पुलाच्या अलीकडे, पणजीच्या बाजूला. संगणक सुरू होत नसेल तेव्हाही हाच प्रश्न विचारायचा: बटण दाबल्यानंतर तो कुठवर पोचला? हा प्रश्न कुणी विचारत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. "विंडोज उडाली" असं ठरवून लोक फॉरमॅट करून घेतात, आणि दहा वर्षांचे फोटो जातात. बिघाड कितीदा तरी त्याच्या खूप आधीच्या टप्प्यावर असतो.

गेल्या जुलैत मांद्र्याहून मामेभावाचा फोन आला. त्याचा फोटो स्टुडिओ आहे, समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर. "मॉनिटर गेला वाटतं. पंखा फिरतोय, दिवा लागतोय, पडदा काळा." मी गेलो तेव्हा बाहेर पाऊस कोसळत होता. पडद्यावर क्षणभर 'नो सिग्नल' अशी अक्षरं आली आणि गेली. म्हणजे मॉनिटर ठणठणीत होता. त्याच्याकडे चित्र कुणी पाठवतच नव्हतं. मग कान देऊन ऐकलं. पंख्याच्या घरघरीखाली बारीक बीप येत होते, थांबून थांबून, पुन्हा पुन्हा.

त्या बीपमध्ये अर्धं उत्तर होतं. बटण दाबल्यावर प्रथम पॉवर सप्लाय, म्हणजे आपला एसएमपीएस, भिंतीतल्या २३० व्होल्टच्या एसी विजेपासून १२, ५ आणि ३.३ व्होल्टची डीसी वीज तयार करतो. ती स्थिरावेपर्यंत प्रोसेसरला रोखून धरलेलं असतं. वीज ठीक झाली की सप्लाय मदरबोर्डला, म्हणजे सगळे भाग जोडलेल्या मुख्य बोर्डाला, तसा इशारा देतो. त्याचं नावच 'पॉवर गुड'. एवढं व्हायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागत नाही. मग प्रोसेसर पहिली सूचना वाचतो ती हार्ड डिस्कवरून नव्हे. मदरबोर्डवरच्या एका लहानशा चिपमध्ये बायोस हे मूळ सॉफ्टवेअर असतं (नव्या यंत्रांत त्याला यूईएफआय म्हणतात), ते आधी चालतं. ते रॅम, म्हणजे चालू कामापुरती स्मृती, तपासतं, ग्राफिक्स तपासतं. पडदा अजून जागा झालेला नसतो, म्हणून काही अडलं तर ते बीप वाजवून सांगतं. बीपची भाषा कंपनीगणिक वेगळी, तेव्हा आपल्या मदरबोर्डचं माहितीपत्रक बघावं. नव्या कॅबिनेटमध्ये बऱ्याचदा स्पीकर नसतो. त्याऐवजी मदरबोर्डच्या कडेला सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (विंडोज सुरू करणं) असे चार बारीक दिवे असतात, आणि जो पेटून राहतो तो टप्पा अडलेला.

भावाच्या यंत्रात बीप वाजत होते, म्हणजे वीज पोचली होती, प्रोसेसर जिवंत होता, बायोस चालत होतं. विंडोजचा तर अजून संबंधच आला नव्हता. बीपची रीत बघितली तर अडलं होतं रॅमपाशी.

पिन काढली, आतली शिल्लक वीज जावी म्हणून बटण दाबून धरलं, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगावरचा स्थिर विद्युतभार घालवला आणि रॅमची पट्टी बाहेर काढली. तिच्या खालच्या कडेला सोनेरी दातांची रांग असते. डीडीआर-४ च्या पट्टीला दोन्ही बाजू मिळून २८८ दात. खिडकीशी तिरपी धरली तेव्हा बहुतेक दात लखलखत होते, पण एका टोकाच्या पाच-सहांवर वाफ धरलेल्या आरशासारखा मळकट थर दिसत होता. मऊ खोडरबरानं ते हलकेच पुसले, रबराचा चुरा स्लॉटपासून लांब झटकला, पट्टी परत बसवली आणि खटका ऐकू येईपर्यंत दाबली. बटण दाबलं. एकच छोटा बीप, आणि पडद्यावर कंपनीचं चिन्ह.

तो मळकट थर आला कुठून, हे मला गोव्यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं. लाटा फुटतात तिथे खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म तुषार हवेत जातात, सुकतात, आणि मिठाचे कण वाऱ्याबरोबर घरात येतात. संगणकाचा पंखा दिवसभर ही हवा आत ओढतो, त्यामुळे धुळीबरोबर मीठही बोर्डावर बसतं. कोरडं मीठ फारसा त्रास देत नाही. पण हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या पुढे गेली, की मीठ हवेतलंच पाणी ओढून घेऊन स्वतः त्यात विरघळतं. पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाझरतं ते याचमुळे. जुलैत आपल्याकडे आर्द्रता दिवसेंदिवस ७५ च्या वरच असते. मग बोर्डावर खाऱ्या पाण्याचा न दिसणारा पापुद्रा तयार होतो, आणि खारं पाणी विजेचं चांगलं वाहक. नको तिथून वीज झिरपते. दातांवरचा सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो. त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून खालच्या धातूला गंज लागतो आणि तो वर पसरतो. महिनाभर बंद ठेवलेला संगणक चवथीच्या सुमारास चालू करायला जावं आणि तो उठू नये, यात नवल नाही.

स्टुडिओतली गोष्ट तिथे संपली नाही. विंडोज आली, पण कोपऱ्यातली तारीख कित्येक वर्षं मागची, आणि त्यापायी ब्राउझर एकेक वेबसाइट असुरक्षित म्हणून अडवू लागला. हे मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या बॅटरीचं काम. तिचं नाव सीआर २०३२, आणि मापही त्या नावातच: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. संगणक बंद असताना ही ३ व्होल्टची बॅटरी सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा क्वार्ट्‌झचा स्फटिक चालू ठेवते. ३२,७६८ ला पंधरा वेळा निम्मं केलं की बरोबर १ उरतो, म्हणून घड्याळासाठी ही संख्या सोयीची. बऱ्याच यंत्रांत बायोसच्या सेटिंगही याच बॅटरीच्या जिवावर टिकतात. ती संपली की डिस्क कुठल्या पद्धतीनं वाचायची हेही यंत्र विसरू शकतं, आणि ठणठणीत विंडोज सुरू होता होता कोसळते. भावाच्या दुकानाशेजारीच घड्याळवाला आहे. बॅटरी त्याच्याकडे मिळाली.

दिवाच लागत नसेल तर अर्थात प्रवास सुरूच झालेला नाही: प्लग, वायर, एसएमपीएस एवढंच बघायचं. मे महिन्यातल्या गडगडाटानंतर असं झालं असेल तर संशय एसएमपीएसवरच घ्यावा. पण तो उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टच्या आसपास वीज साठलेली असते, पिन काढल्यावरही ती काही काळ राहते. आकाशात वीज कडाडत असताना पिनेबरोबर इंटरनेटची केबलही काढावी. तारेच्या केबलमधूनही झटका येतो.

लॅपटॉपचा पडदा काळा असेल तर अंधारात त्यावर टॉर्च तिरपा मारून बघा. पुसटसं चित्र दिसलं तर यंत्र शेवटपर्यंत पोचलंय, फक्त पडद्यामागचा उजेड गेलाय.

कंपनीचं चिन्ह आलं आणि पुढे 'बूट डिव्हाइस', म्हणजे विंडोज जिच्यावरून सुरू व्हायची ती डिस्क, सापडत नाही असा संदेश आला, तर आधी खोचून राहिलेला पेन ड्राइव्ह काढा. मी हे अनेकदा पाहिलंय. तरीही तोच संदेश येत असेल आणि हार्ड डिस्कमधून टक् टक् आवाज येत असेल, तर तिथेच थांबा. पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. तिच्या तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात आणि वाचणारं डोकं त्यांच्यावर काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. ते टेकत असेल तर दर खेपेला थोडे फोटो खरवडले जातात. डिस्क शांत आहे, फक्त विंडोज अर्ध्यात अडते, असं असेल तर पेन ड्राइव्हवरून लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच दुसरी कार्यप्रणाली, चालू करून फाइली बाहेर काढता येतात. दुकानात यंत्र देताना "आधी डेटा, मग फॉरमॅट" हे कागदावर लिहून द्या. घाईत तोंडी सांगितलेलं राहून जातं.

निघताना भावानं विचारलं, "दर पावसाळ्यात हे असंच होणार का?" त्याच्या मागच्या कपाटात लेन्सांच्या शेजारी एक छोटा बल्ब मिणमिणत होता. त्याच्या वडिलांपासूनची सवय, बुरशी धरू नये म्हणून. मी त्या बल्बकडे बोट दाखवलं. २७ अंश तापमानाची, ९० टक्के आर्द्रतेची हवा ३५ अंशांपर्यंत तापवली, की तेवढ्याच बाष्पानिशी तिची सापेक्ष आर्द्रता साठच्या खाली येते, म्हणजे मीठ पाझरण्याच्या हद्दीच्या बरीच खाली. चालू संगणक आतून एवढा सहज तापतो. आता ऑर्डर नसली तरी तो पावसाळ्यात रोज सकाळी तासभर यंत्र चालू ठेवतो.