मर्ल ओबेरॉनचा चेहरा आणि लेन्सजवळचा दिवा

१९३०च्या दशकात हॉलिवूड गाजवणाऱ्या मर्ल ओबेरॉनचा जन्म १९११ सालचा, मुंबईतला. आपल्याकडे हे फार थोड्यांना ठाऊक आहे, कारण तिने स्वतः आयुष्यभर आपलं जन्मस्थान टास्मानिया असं सांगितलं. तिची आई मिश्र वंशाची होती, आणि त्या काळच्या हॉलिवूडमध्ये हे उघड झालं असतं तर नायिकेच्या भूमिका मिळणं जवळपास अशक्य होतं. तरीही १९३५च्या ‘द डार्क एंजल’साठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन मिळालं. हे तिचं मोठं कर्तृत्व आहे.

१९३७ साली लंडनमध्ये मोटार अपघातात तिच्या चेहऱ्याला जखमा झाल्या. पुढे त्वचेच्या त्रासाचीही भर पडली. मोठ्या पडद्यावर चेहरा कित्येक फूट उंच दिसतो, त्यामुळे बारीकसा व्रणही लपत नाही. इथे मदतीला आलं ते प्रकाशाचं शास्त्र.

त्वचेवरचा खड्डा किंवा उंचवटा आपल्याला दिसतो तो मुख्यतः त्याच्या सावलीमुळे. प्रकाश तिरका आला की सावली लांबते आणि खोली जाणवते. दुर्बिणीतून चंद्र पाहणाऱ्यांना हे चांगलं माहीत असतं: अष्टमीच्या चंद्रावर उजेड-अंधाराच्या सीमेवरची विवरं ठसठशीत दिसतात, पौर्णिमेला तीच सपाट वाटतात. कारण पौर्णिमेला सूर्य जवळजवळ आपल्या पाठीमागे असतो आणि प्रत्येक सावली आपल्या उंचवट्याच्याच आड जाते.

छायालेखक लुसियन बॅलार्डने ‘द लॉजर’ (१९४४) या चित्रपटाच्या वेळी नेमकं हेच साधलं. त्याने एक लहान दिवा कॅमेऱ्याच्या लेन्सला अगदी लगटून बसवला. प्रकाशाची आणि नजरेची दिशा जवळपास एक झाली, आणि व्रणांच्या सावल्या लेन्सला दिसेनाशा झाल्या. शिवाय डोळ्यांत एक चमकता ठिपका उमटला, त्याने नजर जिवंत झाली. त्या दिव्याला तिच्याच आडनावावरून ‘ओबी’ म्हणू लागले. बॅलार्ड आणि ओबेरॉन यांनी १९४५ साली लग्न केलं. चार वर्षांनी ते वेगळे झाले.

मला या युक्तीतलं खरं कौशल्य दिव्याच्या जागेपेक्षा त्याच्या मात्रेत दिसतं. समोरचा प्रकाश जास्त झाला तर व्रणांबरोबर नाकाची आणि गालांची घडणही पुसली जाते. म्हणून मुख्य प्रकाश बाजूनेच ठेवायचा, आणि लेन्सजवळच्या दिव्याने सावल्या फक्त भरून काढायच्या. त्यात नटी चालत कॅमेऱ्याकडे आली की गणित बिघडतं. लहान दिव्यापासूनचं अंतर दोन मीटरवरून एक मीटर झालं, तर चेहऱ्यावरचा उजेड चौपट होतो. मग शॉट चालू असतानाच दिवा हळूहळू मंद करावा लागतो. त्यासाठी तारेच्या दिव्याची वीज कमी केली तर प्रकाश तांबूस होतो. कृष्णधवल फिल्मवर ते बरंचसं खपून जातं, रंगीत फिल्मवर मात्र चेहऱ्याचा रंगच बदलतो. म्हणून ओबी दिव्यांना पुढून मिटणाऱ्या झडपा बसवू लागले: वीज तेवढीच, रंग तोच, बाहेर पडणारा उजेड तेवढा कमी.