स्मिथचा ढग: आपल्याच आकाशगंगेतून गेलेला गॅस परत येतोय

पाऊस उघडला की आश्विनात संध्याकाळी जवळजवळ डोक्यावर श्रवण दिसतो, दोन्ही बाजूंना एकेक बारीक तारा घेऊन बसलेला. हात लांब करून मूठ धरा आणि श्रवणापासून दक्षिणेला एक मूठ खाली या. तिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण तिथूनच तो ढग सुरू होतो ज्याबद्दल "आकाशगंगेवर आदळणार" अशा बातम्या येत असतात. दिसला असता तर पौर्णिमेचे ३० चंद्र एकाला एक लावून ठेवावेत एवढा लांब दिसला असता. दिसत नाही कारण तो हायड्रोजनचा आहे, त्यात तारे सापडलेले नाहीत, आणि असा गॅस आपल्याला कळतो तो मुख्यतः रेडिओवर.

म्हणून ही गोष्ट ढगापासून नाही, रेडिओपासून सुरू होते. १९४४ साली, हॉलंड जर्मनांच्या ताब्यात असताना, व्हॅन डे हुल्स्ट नावाच्या तरुणाने गणित मांडून सांगितलं की अवकाशातला थंड हायड्रोजन २१ सेंटिमीटरच्या लहरी सोडत असणार. १९५१ मध्ये हार्वर्डला तो सिग्नल (ह्यालाच २१ सेंटिमीटरची रेषा म्हणतात) खरंच सापडला आणि पाठोपाठ डच लोकांनाही. (आपल्या नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण हीच रेषा ऐकू शकते.) ह्या रेषेचा मोठा फायदा म्हणजे गॅस आपल्याकडे येतोय की लांब जातोय आणि किती वेगाने, ते लहर थोडी आखूड झाली की लांब झाली ह्यावरून लगेच कळतं. मग डच लोकांनी १९५६ मध्ये ड्विंगेलो गावाजवळ २५ मीटर व्यासाची डिश उभी केली, त्या वेळची जगातली सगळ्यात मोठी.

गेल स्मिथ ही लायडन विद्यापीठात खगोलशास्त्र शिकत होती. ह्या डिशच्या नोंदींमध्ये तिला गरुड तारकासमूहाच्या दिशेला गॅसचा एक तुकडा दिसला जो सेकंदाला सुमारे १०० किलोमीटर वेगाने लांब जात होता, आणि आकाशगंगेच्या फिरण्याशी तो वेग जुळत नव्हता. १९६३ मध्ये तिने छोटासा पेपर छापला, शीर्षकात नाव वगैरे काही नाही, फक्त "एक विचित्र गोष्ट" आणि आकाशातला पत्ता. त्याच वर्षी त्याच डिशवर मुलर, ऊर्ट आणि रेमंड ह्या खगोलशास्त्रज्ञांना असेच भरधाव ढग दुसरीकडे सापडले. ऊर्टचं नाव सगळ्यांना माहीत असतं, स्मिथचं फारसं कोणी घेत नाही, आणि मला ते खरंच खटकतं, कारण लग्नानंतर ती बीगर झाली तरी ढगाला आज तिचंच नाव आहे.

पुढे जवळजवळ ४५ वर्षं गाडी अडली ती अंतरावर. वेग कळतो पण अंतर कळत नाही, आणि अंतर नाही म्हणजे आकार नाही, वजन नाही, कुठे चाललाय तेही नाही, ढग जवळचा आणि छोटा असेल किंवा लांबचा आणि प्रचंड असेल, रेडिओला दोन्ही सारखेच. १९९८ मध्ये एका गटाने त्याचं नातं धनु बटू दीर्घिकेशी, म्हणजे आपल्या आकाशगंगेशेजारच्या एका छोट्या तारासमूहाशी, जोडून पाहिलं. शेवटी एक साधी पण सुंदर युक्ती कामाला आली. ढगाच्या दिशेचे असे तारे घ्यायचे ज्यांचं अंतर माहीत आहे. ज्या ताऱ्याच्या प्रकाशात ढगाची खूण उमटते तो ढगाच्या मागे, ज्याच्यात उमटत नाही तो पुढे, म्हणजे ढग मधे कुठेतरी. २००८ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या १०० मीटरच्या ग्रीन बँक टेलिस्कोपने फेलिक्स लॉकमन आणि सहकाऱ्यांनी ढगाचा बारीक नकाशा काढला, जवळजवळ ४०,००० ठिकाणी रोखून. त्यात ढगाच्या कडेचा गॅस आकाशगंगेच्या गॅसला घासून मंदावलेला दिसला, त्यावरूनही तेच अंतर निघालं, ४०,००० प्रकाशवर्षं. मग बाकीचं भराभर सुटलं: लांबी ११,००० प्रकाशवर्षं, रुंदी २,५००, किमान १० लाख सूर्यांइतका हायड्रोजन, आकार धूमकेतूसारखा, पुढे डोकं मागे शेपूट. एकूण वेग सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर (आपल्यापासून लांब जाण्याचे १०० हा त्याचा फक्त एक भाग), म्हणजे मुंबई-पुणे जाऊन येऊन एक सेकंद.

पण आला कुठून? दीर्घिका घडताना उरलेला गॅस किंवा शेजारच्या दीर्घिकेकडून ओढून घेतलेला, असं तेव्हा वाटत होतं. तसं असतं तर त्यात जड मूलद्रव्यं फार कमी सापडायला हवीत, कारण ती ताऱ्यांच्या पोटात तयार होतात. २०१६ मध्ये अँड्र्यू फॉक्स आणि सहकाऱ्यांनी हबल ह्या अवकाश दुर्बिणीतून ढगामागच्या तीन दीर्घिकांचा अतिनील प्रकाश तपासला, ढगातून येताना त्यातलं काय शोषलं जातं ते बघितलं, आणि गंधक निघालं. थोडंथोडकं नाही, सूर्यात ज्या प्रमाणात आहे त्याच्या निम्म्याने. एवढं गंधक आपल्या आकाशगंगेच्या बाहेरच्या भागातल्या गॅसमध्ये असतं. म्हणजे परका कोणी नाही, हा इथूनच उडालेला गॅस, सुमारे ७ कोटी वर्षांपूर्वी, सह्याद्रीचा काळा दगड लाव्हा होऊन वाहिला त्याच्याही आधी.

म्हणून "टक्कर" हा शब्द मला पटत नाही. साधारण ३ कोटी वर्षांनी तो तिरपा येऊन आकाशगंगेच्या तबकडीत घुसेल, आपल्यापासून पाव फेरा पलीकडे, तिथला गॅस दाबला जाईल आणि त्यातून नवे तारे पेटतील, अगदी २० लाख सूर्य होतील इतका गॅस तो घेऊन येतोय.