हातचा खेळाडू की पुढच्या वर्षीचा पिक? एनएफएलच्या ट्रेडमागचं गणित

२८ एप्रिल २०२२ ची रात्र, अमेरिकन फुटबॉलचा म्हणजे एनएफएलचा ड्राफ्ट चालू होता, आणि मधेच बातमी आली की टेनेसी टायटन्सनी आपला २४ वर्षांचा रिसीव्हर, म्हणजे फेकलेला पास पकडून पळणारा खेळाडू, ए. जे. ब्राउन फिलाडेल्फिया ईगल्सला देऊन टाकला. बदल्यात काय घेतलं तर पहिल्या राउंडचा १८ वा पिक, म्हणजे १८ व्या नंबरवर नवा खेळाडू निवडायचा हक्क, आणि पुढचा १०१ वा. त्या १८ व्या पिकवर टायटन्सनी लगेच ट्रेलन बर्क्स नावाचा कॉलेजमधला रिसीव्हर घेतला, तोही ब्राउनसारखाच धिप्पाड. कागदावर बघितलं तर जागेवर जागा भरली, वर एक पिक फुकट मिळाला आणि पैसेही वाचले.

त्या सीझनला ब्राउनने पास पकडून १,४९६ यार्ड काढले, बर्क्सने ४४४. डिसेंबरमध्ये दोन्ही टीम समोरासमोर आल्या तेव्हा ब्राउनने जुन्या टीमविरुद्ध ११९ यार्ड आणि दोन टचडाउन केले, ईगल्स ३५-१० ने जिंकले, आणि दोन दिवसांनी टायटन्सच्या जनरल मॅनेजरची नोकरी गेली.

आपल्याकडे म्हणतात ना, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. ब्राउनची गोष्ट ऐकली की वाटतं संपला विषय, म्हण बरोबर आहे. पण मला हा विषय आवडतो तो यासाठीच की ही म्हण इथे साधारण अर्धीच खरी ठरते, आणि उरलेला अर्धा भाग समजायला थोडी संभाव्यता, थोडं अर्थशास्त्र आणि थोडं मानसशास्त्र लागतं.

आधी ड्राफ्ट म्हणजे काय ते पटकन सांगतो. लीगमध्ये ३२ टीम. कॉलेजमधून येणारी पोरं आयपीएलसारखी लिलावात जात नाहीत, टीम आळीपाळीने त्यांना निवडतात, सात राउंड होतात, आणि मागच्या सीझनला जी टीम सगळ्यात वाईट खेळली तिचा नंबर पहिला, जी सुपर बोल, म्हणजे फायनल, जिंकली तिचा शेवटचा. या निवडायच्या हक्काला पिक म्हणतात. हा हक्क दुसऱ्या टीमला देता येतो, पुढच्या वर्षीचा, त्याच्याही पुढच्या वर्षीचा सुद्धा. युरोपातल्या फुटबॉलसारखी ट्रान्सफर फी इथे नसते, त्यामुळे खेळाडू विकत घ्यायचा तर मुख्य चलन म्हणजे पिक.

मग या चलनाचा भाव ठरवायचा कसा? १९८९ मध्ये डॅलस काउबॉइज नुकतीच तेल आणि गॅसच्या धंद्यातल्या जेरी जोन्सनी विकत घेतली होती आणि टीम अगदी रसातळाला होती, त्या सीझनला एक मॅच जिंकली आणि पंधरा हरली. कोच जिमी जॉन्सन यांनी आपला एकमेव स्टार हर्शल वॉकर मिनेसोटा व्हायकिंग्जला दिला आणि बदल्यात पाच खेळाडू आणि पिक्सचा ढीग उचलला. त्यातल्याच एका पिकच्या जोरावर वर सरकून १९९० ला १७ व्या नंबरवर एमिट स्मिथ घेतला, जो पुढे धावून सगळ्यात जास्त यार्ड काढणारा खेळाडू झाला, आणि १९९२, १९९३, १९९५ असे तीन सीझन काउबॉइज सुपर बोल जिंकले. एवढे पिक हातात आल्यावर सौदे पटापट करता यावेत म्हणून जोन्स यांचे तेलधंद्यातले भागीदार माइक मकॉय यांनी ९० च्या दशकाच्या सुरुवातीला एक तक्ता बनवला. पहिला पिक ३,००० पॉइंट, सोळावा १,०००, बत्तिसावा ५९०. हा तक्ता हळूहळू सगळ्या लीगमध्ये पसरला आणि वर्षानुवर्षं त्यावर सौदे होत राहिले.

पण यात एक गोम आहे, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. मकॉय यांनी तक्ता काढला तो आधी झालेल्या सौद्यांवरून, म्हणजे टीम काय भाव *देत होत्या* यावरून. त्या पिकवर आलेला खेळाडू पुढे किती *कामाला आला* हे त्यात कुठेच नव्हतं. मार्केटात कांदा आज कितीला गेला ते फळ्यावर लिहिलंय, कांदा आतून कसा आहे ते नाही. आणि एकदा सगळ्यांनी तोच फळा वापरायला सुरुवात केली की तो भाव खराच वाटायला लागतो.

केड मॅसी आणि रिचर्ड थेलर (थेलर यांना २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं) यांनी नेमकं हेच तपासलं. एकाच पोझिशनचे दोन खेळाडू घ्या, एक आधी निवडला गेलेला आणि त्या पोझिशनचा लगेच त्याच्यानंतर निवडला गेलेला. आधी निवडलेला जास्त चांगला निघाला असं किती वेळा झालं? साधारण ५२ टक्के. नाणं उडवलं असतं तर ५० आले असते! स्काउट लोक वर्षभर फिरतात, पोरांची धाव सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात, मुलाखती घेतात, आणि शेजारच्या दोघांतला कोण बरा हे ठरवताना हातात येतात ते दोन टक्के. याचा अर्थ स्काउटना काही कळत नाही असा मुळीच नाही, पहिला आणि दहावा यात फरक असतोच. पण शेजारच्या दोघांत फरक फार पुसट असतो, आणि टीम मात्र त्या पुसट फरकासाठी दोन पायऱ्या वर चढायला भरमसाट किंमत मोजतात.

असं का होतं? १९७१ मध्ये अटलांटिक रिचफील्ड या तेल कंपनीतल्या तीन इंजिनीअरनी समुद्रातल्या तेलाच्या ब्लॉकसाठी लागणाऱ्या बोल्यांचा अभ्यास करून दाखवलं होतं की जो बोली जिंकतो तो बहुतेक वेळा ज्याचा अंदाज सगळ्यात जास्त चुकलाय तोच असतो, कारण सगळ्यात वरचा अंदाज त्याचाच असतो. याला विनर्स कर्स म्हणतात, जिंकणाऱ्याला लागलेला शाप. ड्राफ्टमध्ये तेच. ३२ टीम एकाच पोराकडे बघतायत, जी त्याच्या सगळ्यात जास्त प्रेमात पडली ती त्याला घ्यायला वर येते, आणि प्रेमात पडलेल्याचा अंदाज किती धरायचा ते आपल्याला माहितीच आहे.

आता पैशाकडे या, कारण खरी मेख तिथे आहे. प्रत्येक टीमला पगारावर खर्चाची कडक मर्यादा असते, २०२५ ला ती २७ कोटी ९२ लाख डॉलर होती. त्यामुळे खेळाडू किती चांगला हा प्रश्नच अपुरा पडतो, विचारायचं असं की पगाराच्या मानाने तो किती जास्त देतो. अर्थशास्त्रात याला सरप्लस म्हणतात, आपण वरकड म्हणूया. ड्राफ्टमधून आलेल्या पोराचा पगार त्याच्या पिकच्या नंबरावरून जवळजवळ ठरलेलाच असतो, चार वर्षं, आणि पहिल्या राउंडवाल्यांसाठी टीमला पाचवं वर्ष वाढवायचा हक्क. २०११ च्या आधी असं नव्हतं. २०१० चा पहिला पिक सॅम ब्रॅडफर्ड याला सहा वर्षांचे ७ कोटी ८० लाख डॉलर मिळाले होते, नियम बदलल्यावर २०११ चा पहिला पिक कॅम न्यूटन याला चार वर्षांचे २ कोटी २० लाख. मॅसी-थेलर यांच्या आकडेमोडीत जुन्या नियमांखाली पहिल्या राउंडचा शेवटचा पिक पहिल्या पिकपेक्षा जास्त वरकड देत होता, कारण वरचे पिक महाग पडायचे. २०११ नंतर ते स्वस्त झाले आणि गणित बरंच बदललं, त्यामुळे जुने निष्कर्ष आज जसेच्या तसे लावू नका.

मायका पार्सन्सचं उदाहरण बघा म्हणजे वरकड डोळ्यासमोर उभी राहील. २०२१ ला काउबॉइजनी त्याला १२ व्या पिकवर घेतलं, चार वर्षांचे मिळून साधारण १ कोटी ७० लाख डॉलर. म्हणजे वर्षाला ४०-४५ लाख, आणि तेवढ्या पैशांत तो लीगमधल्या सर्वोत्तम डिफेन्सिव्ह खेळाडूंत गणला जायला लागला. ऑगस्ट २०२५ मध्ये २६ वर्षांचा असताना त्याला ग्रीन बे पॅकर्सना दिलं, बदल्यात पहिल्या राउंडचे दोन पिक आणि केनी क्लार्क हा खेळाडू, आणि पॅकर्सनी त्याला नवीन करार दिला वर्षाला ४ कोटी ७० लाखाचा. तोच माणूस, तोच खेळ, किंमत अकरा पट! त्याच्या खेळातली स्वस्त वर्षं काउबॉइजनी खाऊन झाली होती. पॅकर्सनी दोन पिक देऊन स्वस्ताई विकत घेतली नाही, त्यांनी खात्री विकत घेतली, आणि खात्रीचा पूर्ण बाजारभाव वर पुन्हा पगारातून मोजला. म्हणून "दोन पिक दिले" एवढंच ऐकून सौदा महाग की स्वस्त हे सांगताच येत नाही, सोबत करार किती वर्षांचा आणि कितीचा ते बघावंच लागतं.

याच्या बरोबर उलट २०१९ चा मिंका फिट्झपॅट्रिक. २२ वर्षांचा सेफ्टी, म्हणजे मागच्या फळीत बचाव करणारा, मायामी डॉल्फिन्सनी आदल्याच वर्षी ११ व्या पिकवर घेतलेला, सप्टेंबरमध्ये पिट्सबर्ग स्टीलर्सनी त्याच्यासाठी २०२० चा पहिल्या राउंडचा पिक मोजला. लोक तेव्हा चिडले होते आणि कारणही होतं, स्टीलर्स पहिल्या दोन्ही मॅच हरले होते, क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा मुख्य खेळाडू, बेन रॉथलिसबर्गर याचं कोपर आदल्या दिवशी गेलं होतं, म्हणजे हा पिक पहिल्या पाचात जायची भीती होती. पण नीट बघा, फिट्झपॅट्रिकच्या स्वस्त कराराची जवळजवळ तीन वर्षं शिल्लक होती, आणि साइनिंग बोनस, म्हणजे करार करतानाच ठरलेली वेगळी रक्कम, तर डॉल्फिन्सनी आधीच भरलेला, स्टीलर्सना फक्त उरलेला पगार द्यायचा होता. म्हणजे तो खेळाडू एक प्रकारे पिकच होता, फक्त पेटी उघडून आतला आंबा बघून घेतलेला. त्याच सीझनला तो ऑल-प्रो, म्हणजे लीगच्या वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंत निवडला गेला, टीम कशीबशी ८-८ वर (आठ जिंकल्या, आठ हरल्या) थांबली, पिक १८ वा ठरला. माझ्या मते असा सौदा, म्हणजे सिद्ध झालेला तरुण खेळाडू आणि स्वस्त वर्षं बाकी, समोर आला तर पहिल्या राउंडचा पिक बिनधास्त द्यावा. तो फार क्वचित समोर येतो हीच अडचण, कारण शहाणी टीम असा खेळाडू सोडत नाही.

आणि पुढच्या वर्षीचा पिक देणं ही तर वेगळीच गोष्ट. आमच्याकडे कोकणात कलमं मोहोरली की व्यापारी येऊन बाग बघून जातो, आकडा ठरतो, आणि तो अख्ख्या हंगामासाठी बाग कराराने घेतो. पुढे तुडतुडा पडला, अवकाळी आला तर नुकसान त्याचं. भविष्यातला पिक घेणारी टीम म्हणजे हाच व्यापारी, फक्त इथे उलटं आहे, समोरच्याचा हंगाम जितका बिघडेल तितकं याचं फळ मोठं. ह्यूस्टन टेक्सन्सनी ऑगस्ट २०१९ मध्ये डॉल्फिन्सकडून टॅकल, म्हणजे क्वार्टरबॅकचं रक्षण करणारा, लॅरेमी टन्सिल (आणि रिसीव्हर केनी स्टिल्स) घेतला आणि २०२० आणि २०२१ चे पहिल्या राउंडचे पिक आणि वर एक दुसऱ्या राउंडचा दिला. पहिल्या वर्षी टेक्सन्स चांगले खेळले, पिक २६ वा आला. पुढच्या वर्षी ४-१२ असे कोसळले आणि तो पिक थेट तिसरा! टन्सिल स्वतः उत्तम खेळत होता, त्याची काहीच चूक नव्हती, पण टीमला पिकची सगळ्यात जास्त गरज होती नेमकं तेव्हाच तो दुसऱ्याच्या हातात होता. हंगाम वाईट गेला तर वरचा पिक मिळतो, हा टीमचा विमाच, आणि विमा असा विकून टाकायचा नसतो.

त्या तिसऱ्या पिकचा पुढचा प्रवास तर मी लोकांना नेहमी सांगतो. डॉल्फिन्सनी तो सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सना दिला आणि १२ वा पिक, एक तिसऱ्या राउंडचा, शिवाय २०२२ आणि २०२३ चे पहिल्या राउंडचे घेतले. १२ व्यावरून सौदा करून सहाव्यावर चढले आणि जेलन वॉडल आला, २०२२ वाला कॅन्सस सिटीकडे गेला आणि टायरीक हिल आला, २०२३ वाला डेन्व्हरला गेला आणि ब्रॅडली चब आला. डेन्व्हरने तोच पिक न्यू ऑर्लिन्सला देऊन त्यांचा कोच शॉन पेटन आणला. आणि फोर्टीनाइनर्सनी एवढं सगळं देऊन घेतलेला क्वार्टरबॅक ट्रे लान्स त्यांच्यासाठी फक्त चार मॅच सुरुवातीपासून खेळला, त्यांना सुपर बोलपर्यंत नेलं ते २०२२ च्या ड्राफ्टमधल्या २६२ व्या, म्हणजे अगदी शेवटच्या पिकने, ब्रॉक पर्डीने.

तरी टीम पुढचे पिक एवढ्या सहज का देतात? मॅसी आणि थेलर यांनी तेही मोजलं. पुढच्या वर्षीचा पिक आजच्या पिकसाठी बदलताना टीम वर्षाला शंभर टक्क्यांच्याही वरचं व्याज धरतात, सावकारसुद्धा लाजेल इतकं. साधारण रिवाज असा की यंदाच्या दुसऱ्या राउंडच्या पिकसाठी पुढच्या वर्षीचा पहिल्या राउंडचा द्यायचा. कारण माणसाचंच आहे, कोचला आणि मॅनेजरला यंदा जिंकायचंय, पुढच्या वर्षी तो खुर्चीत असेल की नाही त्यालाच माहीत नाही, मग दोन वर्षांनी येणाऱ्या पोराची काळजी तो कशाला करेल. ज्या टीमचे मालक धीर धरतात त्यांना हे व्याज आयतं मिळतं.

आता सुरुवातीच्या ईगल्सकडे परत जातो, कारण ब्राउनसाठी त्यांनी पिक का मोजला याला आधीची एक गोष्ट आहे. २०२० मध्ये व्हायकिंग्जनी स्टेफॉन डिग्ज हा रिसीव्हर बफेलो बिल्सना दिला आणि मुख्य म्हणजे २२ वा पिक घेतला. डिग्जने त्या सीझनला लीगमध्ये सगळ्यात जास्त पास पकडले, १२७, आणि सगळ्यात जास्त यार्ड काढले, १,५३५. म्हणजे बिल्सचा सौदा सोन्यासारखा. पण व्हायकिंग्जनी २२ व्या पिकवर जस्टिन जेफरसन घेतला, पहिल्याच सीझनला १,४०० यार्ड, आणि तेही नवख्या पोराच्या पगारात, त्यामुळे त्यांचाही सौदा सोन्यासारखा. पुराव्यानिशी सिद्ध झालेला खेळाडू घेणाराही बरोबर आणि पिक घेणाराही बरोबर, असं होऊ शकतं, कारण दोघांच्या गरजा आणि दोघांची पगाराची गणितं वेगळी होती. जेफरसनच्या बरोबर एक नंबर आधी, २१ व्या पिकवर, ईगल्सनाही रिसीव्हरच हवा होता. त्यांनी जेलन रेगर घेतला. तो चालला नाही, दोन वर्षांनी त्यांनी ब्राउनसाठी १८ वा पिक मोजला, आणि त्याच उन्हाळ्यात रेगरला ट्रेड केलं. कुठे, तर व्हायकिंग्जकडे, जेफरसनच्याच टीममध्ये.